हाफ पँट सक्तीची

सकाळचं पाणी भरून झालं, दाराला कुलूप लावलं आणि मी अंबरनाथ पश्चिमेहून उल्हासनगरच्या कॅम्प पाचकडे पायी निघाले. शेजारीणबाईंनी गॅलरीतून विचारलं, सकाळी सकाळी कुठे? मी म्हटलं, चड्डी आणायला. त्या आत निघून गेल्या.

लोक काशीला जातात, काश्मीरला जातात आणि आल्यावर लिहितात. मी अंबरनाथहून कॅम्प पाचला गेले, तिथून बदलापूरच्या पुढच्या एका गावी गेले आणि परत अंबरनाथला आले. तिन्ही गावं एकमेकांना चिकटलेली. पण या वाटेने चड्डीसाठी गेलेली बाई मी अजून पाहिलेली नाही, म्हणून लिहिते.

गोष्ट नव्वद सालानंतरच्या एका हिवाळ्यातली. माझी साठी उलटली होती. शिक्षण चौथी. नोकरी काडेपेटीच्या कारखान्यात, पॅकिंगला. भोंगा वाजायच्या आत फाटकात पोचायचं म्हणून मी सगळी नोकरी पळतच केली. सुटले तेव्हा डॉक्टर म्हणाला, साखर आहे, रोज चाला. चालण्याचा मला कंटाळा येतो. मी पळायला लागले. नऊवारीचा काष्टा मारायचा आणि पहाटे टेकडीवर जाऊन यायचं.

यमुना नावाची माझी मैत्रीण आहे. कारखान्यात आम्ही एका टेबलावर होतो. तिचं गाव बदलापूरहून कोंडेश्वरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. त्या गावचं तरुण मंडळ हिवाळ्यात डोंगराची शर्यत ठेवतं. शाळेपासून निघायचं, वरच्या देवळाची घंटा वाजवायची आणि परत शाळेपाशी यायचं. यमुनेकडे गेले होते तेव्हा मी नाव द्यायला गेले. मंडळाचा सेक्रेटरी दिनेश, बोलायला गोड पोरगा. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, आमची काही हरकत नाही आजी, पण नियम आहे, हाफ पँट सक्तीची. साडीत पाय अडकून पडलात तर जबाबदारी कोणाची?

नियम त्याने माझ्यासमोर बसल्या बसल्या केला, हे मला कळत होतं. म्हातारी साडी सोडणार नाही आणि भांडण न होता काम होईल, असा त्याचा हिशेब. मी म्हटलं, बरं. लिहून ठेव माझं नाव, हाफ पँट घालून येते.

खरं सांगायचं तर साडीबद्दल तो चुकीचं बोलला नव्हता. नऊवारीत पळता येतं, पण सपाटीवर. डोंगरात करवंदीची जाळी काष्टा धरून ठेवते, दवाने घोळ भिजला की पायाला ओलं पोतं बांधल्यासारखं होतं. मला साडीचा कैवार घ्यायचा नव्हता. मला पळायचं होतं. नियम पाळला की पळू द्यायचं आणि इतरांसारखा माझाही नंबर पुकारायचा, एवढं माझं म्हणणं. म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी मी निघाले. चड्डी मिळाली नाही तर बदलापूरला जाऊन उपयोग नव्हता.

अंबरनाथ संपून कॅम्प पाच कुठे सुरू होतो ते पाटी वाचून कळत नाही, वासाने कळतं. आधी पापडांचा वास येतो, मग कपडे रंगवायच्या पाण्याचा. नाला त्या दिवशी निळा होता. रस्त्याच्या एका बाजूला खाटांवर पापड वाळत घातले होते आणि दुसऱ्या बाजूला दोरीवर जीन्सच्या पँटी. सगळ्यांचे पाय खाली. माणसांची रांग उभी आहे आणि कमरेवरची अंगं कुठेतरी चहा प्यायला गेली आहेत, असं दिसत होतं. घराघरातून शिलाई मशीनचा आवाज.

एका गाडीवर दालपकवान (कडक तळलेली मोठी पुरी आणि वर हरभऱ्याची घट्ट डाळ) खाल्लं. तेलकट होतं, पण पोटभर झालं. कमरेचा कपडा निवडायला पोट भरून जावं, हे मी अनुभवाने सांगते. उपाशीपोटी बसलेला कपडा जेवल्यावर रुततो.

पहिलं दुकान तयार कपड्यांचं. दुकानदार गादीवर उशीला टेकून बसला होता. मी म्हटलं, पळायची चड्डी दाखवा. त्याने पट्ट्यापट्ट्याची, म्हातारे पुरुष धोतराच्या आत घालतात ती ढगळ चड्डी काढली आणि विचारलं, साहेबांची कंबर किती?

"त्यांना आता लागत नाही," मी म्हटलं. "मला हवी."

तो गडबडला. छताकडे बघत बघत त्याने बायकांचा खोका पुढे सरकवला. मी म्हटलं, ही आत घालायची. मला वर घालायची पाहिजे. वर म्हणजे कशी, त्याने विचारलं. वर म्हणजे बाहेर, लोकांना दिसेल अशी. त्याने समोरच्या दुकानदाराला हाक मारली आणि त्याला सिंधीत सगळं सांगितलं. दोघं पोट धरून हसले.

"माई, इस उमर में भाग के किधर जाना है?"

"डोंगरावर," मी म्हटलं. "तुम्ही नका येऊ, उशी कोण सांभाळेल."

इथे शब्दाची अडचण आहे. आपल्यात चड्डी म्हटलं की आतलीही चड्डी आणि बाहेरचीही चड्डी. कुठली समजायची ते ऐकणारा मागणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवतो. माझं तोंड बघून कोणाला बाहेरची सुचत नव्हती. शेवटी मी हाफ पँट म्हटलं. तेव्हा त्याने खाकी काढली, हवालदाराची असते तसली, जाड, पुढे बटणं, पट्ट्याला नाके. हातात घेतली तर कोरडीच जड. घाम आल्यावर ती मला घेऊन पळणार नाही, मलाच तिला घेऊन पळावं लागेल, असं सांगून मी उठले. मागून तो ओरडला, गाउन लो माई, गाउन, अच्छा माल है. मी म्हटलं, तुम्हीच घाला, गादीवर बसायला बरा.

पुढच्या गल्लीत कापड किलोवर विकतात. कारखान्यात उरलेले तुकडे, परदेशी जाता जाता परत आलेले कपडे, सगळ्याचे ढीग आणि दारात मोठा तराजू. एका दुकानात माझ्याच वयाच्या आसपासची मालकीण मशीनवर बसली होती. मला बघून म्हणाली, आओ अदी (सिंधीत बहिणीला अदी म्हणतात). मी या वेळी पहिल्यापासून सगळं सांगितलं. डोंगर, शर्यत, हाफ पँट सक्तीची, दिनेश. तिने मशीन थांबवून ऐकलं. मग नाव विचारलं.

"भागू. भागीरथी."

"नाम ही भागू है, तो भागेगी ही," ती म्हणाली आणि इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं.

आपल्याकडे भागूबाई म्हणजे भित्रं माणूस. जन्मभर मी ते ऐकलं. हिंदीत माझ्या नावाचा अर्थ इतका कामाचा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

तिने एका ढिगातून हाफ पँटी काढल्या. आधी तिला काळी होजिअरीची द्यायची होती. बनियनच्या कापडाची, मऊ. घातली की घातली आहे असं वाटणार नाही, म्हणाली. मी पेलाभर पाणी मागितलं, एका कोपऱ्यावर ओतलं आणि पिळलं. पाणी निघेना. घामही असाच पिऊन बसणार आणि जांघेत घासणार. बाजूला ठेवली.

दुसरी लाल, सॅटिनची, फुटबॉलवाली पोरं घालतात ती. हलकी होती, चमकत होती. पण मी नुसता हात फिरवला तर माझ्या बोटाच्या भेगेत तिचा धागा अडकून ओढला गेला. बोटाला अडकते तिला करवंदीचा काटा काय सोडणार? तीही बाजूला ठेवली. मालकीण ओढलेल्या धाग्याकडे बघून कुरकुरली, पण ढीग उपसत राहिली.

तिसरी पॅराशूटच्या कापडाची. तेव्हा त्या नायलॉनला सगळे पॅराशूटचंच कापड म्हणायचे. छत्रीच्या कापडाची बहीणच, पण पातळ. पाणी ओतलं तर थेंब वर उभे राहिले, झटकले की गेले. मुठीत धरली तर मूठ मिटली. मी म्हटलं, तराजूत टाका. किलोवर विकता ना, मग मला वजन कळू द्या. तिने तिन्ही एकेक करून टाकल्या. होजिअरीने पारडं खाली नेलं, सॅटिनने थोडं नेलं. पॅराशूटची टाकली तेव्हा पारडं जरासं हललं आणि परत जागेवर आलं.

"इसका दाम किस मुँह से माँगूँ अदी, इसमें तो माल ही नहीं है."

दोष दोन. एक, चालताना सळसळ वाजायची. दुसरा, रंग. पोपटी, आणि बाजूने पांढरा पट्टा. त्या कापडात दुसरा रंग दुकानात नव्हता. काळी घ्यावी असं माझ्या मनात आलं, नाही असं नाही. काळीकडे लांबून कोणी पाहिलं नसतं. मग म्हटलं, मला कोणी पाहू नये असं असेल तर मी घरीच बसलेली बरी.

कपडे बदलायला खोली नव्हती. मालकिणीने दोन ढिगांच्या मध्ये चादर धरली. मी साडी सोडून पोपटी चढवली. खाली बसले, उठले, गुडघा छातीला लावला, स्टुलावर चढले, उतरले. बाजूला चीर होती त्यामुळे मांडीला ओढ बसत नव्हती. आत जाळीचं अस्तर होतं, म्हणजे आत वेगळं काही घालायला नको. लांबी गुडघ्याच्या वर चार बोटं. इलॅस्टिक मात्र मला नको होतं. इलॅस्टिक घामाने सैल पडतं आणि उतारावर माणूस चड्डी सांभाळायची की तोल, यात पडतो. तिने इलॅस्टिकच्या पट्टीतच नाडी घालून दिली आणि मागे चेनचा एक लहान खिसा मारला. घराची किल्ली पुढच्या खिशात असली की मांडीवर आपटत राहते. मागे गप्प बसते.

भिंतीला आरसा होता. लहानपणी परकर खोचून चिंचेवर चढायचे, त्यानंतर माझे गुडघे मी उजेडात पाहिले नव्हते. काळे, खरखरीत, नीट वाकणारे. कामाचे आहेत, म्हटलं. पोपटी तशीच ठेवून वरून साडी नेसले आणि बाहेर पडले.

परत अंबरनाथला आले, तिथून बदलापूरच्या पुढे जाणारी एसटी मिळाली. खिडकीजवळ बसले. गाडी खड्ड्यातून गेली की साडीच्या आतून सळसळ व्हायची. शेजारच्या बाईने एकदा खाली वाकून पाहिलं, मग परत पाहिलं. शेवटी तिने पाय वर घेतले.

"तुमच्या पिशवीत काहीतरी कुरकुरतंय हो. उंदीर तर नाही?"

मी म्हटलं, उंदीर नाही, चड्डी आहे. ती पुढच्या थांब्याला उठून दुसरीकडे जाऊन बसली. मला पाय पसरायला जागा झाली.

बदलापूर सोडलं की हवा बदलते. भात कापून झालेली शेतं, त्यात वालाचे हिरवे पट्टे, पेंढ्याच्या उडव्या आणि समोर डोंगर, जणू कोणी दारात उभं राहून वाट अडवली आहे. गावाच्या फाट्यावर यमुना उभी होती.

"काय गो भागू, खराच आनलीस?" तिने विचारलं. "दाव ना."

मी रस्त्यातच साडीचा काठ गुडघ्यापर्यंत उचलून दाखवला. यमुना मटकन बांधावर बसली आणि तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, आमच्याकडे आज संध्याकाळी पोपटी हाय (वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून भाजतात, त्याला पोपटी म्हणतात), आन् तू पोपटी घालूनच आलीस.

दुपारी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन जरा पडले. मग डोंगराच्या अर्ध्यापर्यंत जाऊन आले. नवा कपडा घालून कोणीही थेट शर्यतीला उभं राहू नये. चढताना कापड मांडीला चिकटत नव्हतं. करवंदीचे काटे नडगीवर रेघा ओढत होते, पण कापडावरून घसरून जात होते. जांघेत आतल्या जाळीची शिवण थोडी घासली, तिथे खोबरेल तेल चोळलं. साडीने जिथे मला हात धरून थांबवलं असतं तिथून मी सरळ निघून गेले.

परत आल्यावर चड्डी विहिरीवर खळबळून कुंपणावर टाकली. आम्ही चहा प्यायलो तेवढ्यात वाळली. उचलायला गेले तर यमुनेची शेळी नाडी चघळत उभी. अर्धी नाडी तिच्या पोटात गेली होती, उरलेली सोडायला तयार नव्हती. कापडाला तिने तोंड लावलं नव्हतं, यावरून ते कापड शेळीला रुचत नाही आणि शेळी त्याला बाधत नाही असं धरावं. गावाला जाताना मी पाचवारी नेसते, तिच्या परकराची नाडी मी ओढून काढली आणि सेफ्टी पिनेला बांधून चड्डीत ओवली. परकर काथ्याने बांधला.

संध्याकाळी शेताच्या कडेला मडकं उलटं ठेवून भोवती पेटवलं. शेंगा गरम गरम सोलून खाल्ल्या. भाजलेल्या पाल्याचा वास बोटांना लागला. यमुना म्हणाली, दिनेश उद्या कायतरी नवीन काढील बग. त्याला तू नको हायस. गावात बोलतात, म्हातारी येऊन पोरांची शर्यत नासवणार. मी म्हटलं, मी त्यांच्या वाटेत येत नाही, मागून पळते. मागून पळल्याने काय नासतं?

यमुनेने आणखी एक शेंग सोलून माझ्या हातावर ठेवली.

सकाळी शाळेपाशी पोरं जमली होती. फक्कीने जमिनीवर रेघ ओढलेली, झाडाला भोंगा बांधलेला, गाणी चालू. बायका कडेने उभ्या होत्या. मी साडी सोडली, घडी करून यमुनेकडे दिली. वर नवऱ्याचा जुना सदरा होता, बाह्या दुमडलेल्या. भोंगा चालू होता म्हणून बरं, नाहीतर शांतता ऐकू आली असती. कोणीतरी शिट्टी मारली. मी वळून म्हटलं, शिट्टी पळायला सुरुवात करताना मारायची, आत्ताच घाई कशाला? त्या पोराच्या शेजारचे त्यालाच हसले.

दिनेश लगबगीने आला. आधी त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, मग न पाहिल्यासारखं केलं.

"आजी, नियम हाफ पँटचा आहे," तो म्हणाला. "ही चड्डी झाली."

मी रेघेकडे पाहिलं. सगळी पोरं पॅराशूटच्या नाहीतर सॅटिनच्या कापडात उभी. काहींची माझ्यापेक्षा वीतभर आखूड.

"मग ह्यांनी काय घातलंय?"

"हाफ पँट."

"कापड तेच, नाडी तीच, लांबी माझीच जास्त. बाप्याने घातली की हाफ पँट आणि बाईने घातली की चड्डी, असं आहे का?"

कडेच्या बायकांत खसखस पिकली. दिनेशने आवाज खाली आणला. गावात बरं दिसत नाही म्हणाला. मोठी माणसं आहेत. तुम्ही असं करा, नंबर लावू नका, पोरं गेली की मागून पळा. तुमची हौस होईल.

"हौस मी घरी करते. इथे शर्यतीला आले. नंबर दे."

तो नाही म्हणाला. शाळेपासून डोंगराकडे जाणारी वाट एका बांधावरून जाते. बांध एका माणसाच्या रुंदीचा, दोन्ही बाजूंना वालाचं शेत. मी जाऊन त्या बांधावर उभी राहिले. नंबर मिळेपर्यंत इथून हलत नाही, असं सांगितलं. वाल तुडवून कोणी जाणार नव्हतं, कारण शेत कोणाचं होतं ते सगळ्यांना माहीत होतं आणि तो शेतकरी काठी घेऊन तिथेच उभा होता.

दिनेश समजावत राहिला. त्याने मला आजी म्हटलं, आई म्हटलं, शेवटी मावशी म्हटलं. मी उभी. ऊन वर यायला लागलं. मग पोरंच कुरकुरायला लागली. दे ना रे तिला नंबर, एक पोरगा ओरडला, आम्ही काय दुपारी पळायचं? ज्याने शिट्टी मारली होती त्यानेच नंबराचं कापड आणून माझ्या सदऱ्याला पाठीवर टाचलं. मी रेघेवर येऊन सगळ्यांच्या मागे उभी राहिले.

पोरं सुटली ती धुरळा उडवत. मी आपल्या चालीने. बांध, मग कापलेल्या भाताची टोचरी खुंटं, मग कोरडा ओढा, मग खडक. खडकावर हात टेकून चढले. खालून भोंग्याचा आवाज बारीक होत गेला आणि माझ्या कानात माझ्याच चड्डीची सळसळ राहिली. दुकानात तो मला दोष वाटला होता. डोंगरावर एकटं पळताना सोबत वाटली. निम्म्या वाटेवर उतरणारी पोरं मला भेटायला लागली. एक म्हणाला, चला आजी चला. दुसरा म्हणाला, सांभाळून, पुढे घसरण आहे.

देवळाची घंटा मी दोनदा वाजवली. एकदा शर्यतीसाठी आणि एकदा खाली दिनेशला ऐकू जावी म्हणून.

उतरताना मी चूक केली. वाळक्या गवताच्या उतारावर तोल जाईल म्हणून मी खाली बसून सरकायचं ठरवलं. साडीत बायका असंच उतरतात आणि साडी धरून ठेवते. पॅराशूटचं कापड वाळक्या गवतावर तुपासारखं सुटतं, हे मी दुकानात तपासलं नव्हतं. मी बसले आणि गेलेच. हात टेकायलाही सवड मिळाली नाही. वाटेत दोन पोरं पोटात कळ आली म्हणून कंबर धरून बसली होती. त्यांच्या शेजारून मी घसरत पुढे गेले आणि खाली धायटीच्या झुडपात जाऊन अडकले. ढुंगणाला खडी टोचली, कोपर सोललं. उठून कापड पाहिलं. भोक नाही, धागा ओढलेला नाही, परकराची नाडी पक्की. झटकलं आणि पळाले.

शाळेपाशी पोचले तेव्हा फक्कीची रेघ पायांनी पुसली गेली होती आणि बक्षिसं वाटणं चालू होतं. पहिले तीन पुकारून झाले होते, बाकीच्यांचे नंबर ओळीने पुकारत होते. मी रेघेच्या जागेवरून पळत आत गेले. दिनेशने मला पाहिलं आणि भोंग्यावर म्हणाला, आता आपण आपल्या लाडक्या आजींचा सत्कार करू या. कोणीतरी शाल आणि नारळ पुढे केला. टाळ्या सुरू झाल्या.

मला सत्कार कळतो. कारखान्यातही ज्याला पुढे जाऊ द्यायचं नसेल त्याला शाल घालून खुर्चीत बसवायचे. पण दिनेशची शाल आणखी वेगळी होती. शाल माणसाच्या खांद्यावर घालतात. तो ती उलगडून, मान खाली घालून, माझ्या कमरेकडे आणत होता.

"खांदा वर आहे," मी म्हटलं.

भोंगा चालू होता. सगळ्या गावाला ऐकू गेलं. तो थांबला. त्याच्या हातात शाल तशीच, ना वर ना खाली. मी म्हटलं, शाल थंडी वाजणाऱ्याला दे, मला घाम आलाय. इतरांचे नंबर पुकारलेस तसा माझा पुकार.

मग त्याने शाल खुर्चीवर ठेवली, माझ्या पाठीमागे जाऊन नंबर पाहिला आणि भोंग्यावर पुकारला. पुढे म्हणाला, भागूबाई साळवे, अंबरनाथ. नाव ऐकून पोरं फिदीफिदी हसली. शर्यतीत भागूबाई, हसणारच. तेवढ्यात पोटात कळ आलेले दोघं फाटकातून आत आले, धापा टाकत, आणि हसणं आपोआप थांबलं.

"शेवटून तिसरी," दिनेशने पुकारलं.

बरोबर होतं. मी यमुनेकडे गेले.

फाट्यापर्यंत ती माझ्याबरोबर आली. फाट्यावर तिने माझ्या चड्डीचं कापड दोन बोटांत धरून चोळलं आणि म्हणाली, मना पन एक आन. भात लावताना चिखलात साडी जड व्हते. मी विचारलं, रंग? ती म्हणाली, पोपटी नको गो बाय, बगळं घाबरतील.

एसटी आली. मी साडी नेसायला पिशवी उघडली आणि पुन्हा बंद केली. ऊन होतं, चड्डी केव्हाच वाळली होती, आणि साडी नेसायला गाडी थांबणार नव्हती. तशीच चढले. कंडक्टरने तिकीट देताना एकदा पाहिलं आणि पुढे गेला. समोरच्या सीटवरची मुलगी माझ्या नडगीवरच्या खरचटलेल्या रेघा मोजत बसली. अंबरनाथला उतरून स्टेशनपासून घरापर्यंत चालत आले. काही लोकांनी पाहिलं, काहींनी नाही. शेजारीणबाई गॅलरीत होत्या. विचारलं, लाज वाटली नाही का हो? मी म्हटलं, वाटली असती, पण वेळ मिळाला नाही.

डोंगरासाठी कपडा घ्यायचा असेल तर तीन गोष्टी कोणालाही न लाजता दुकानातच कराव्यात. पाणी ओतावं, भेगाळलेलं बोट फिरवावं आणि खाली बसून उठावं. हलकेपणा तराजूत बघावा, दुकानदाराच्या तोंडून ऐकू नये. वाळक्या गवतावर बसू नये. बाकी काय घालावं हे सांगायला रस्त्यात माणसं भेटतातच.

पुढच्या वर्षी मंडळाने नियम बदलला. हाफ पँट सक्तीची हे काढून फळ्यावर 'शोभेल असा पोशाख' असं लिहिलं. यमुनेने निरोप धाडला, आता काय करशील?

कोणाला शोभेल ते फळ्यावर लिहिलं नव्हतं. मी तीच घालून गेले.